बाप्तिस्मा न घेता गेलेल्या वडिलांविषयी

ताई, तुमचे प्रश्न आधी इथे मांडतो, म्हणजे दुसऱ्या कोणी वाचलं तरी संदर्भ लागेल. तुमचे वडील कित्येक वर्षं रविवारच्या उपासनेला यायचे, घरी रोज बायबल वाचायचे, येशूच्या नावानं प्रार्थना करायचे. पण नोकरी, भाऊबंद, गावाकडचं घर या सगळ्यात बाप्तिस्मा पुढे पुढे जात राहिला. शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांशी बोलणं झालं, तारीख ठरायची होती, आणि त्याआधीच हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. अंत्यविधीच्या दिवशी नात्यातल्याच एका प्रचारकानं मार्कच्या शेवटच्या अध्यायातलं वचन काढून सांगितलं की बाप्तिस्मा नाही तर तारण नाही. तुम्ही विचारता, हे खरं आहे का? त्यांच्या नावानं आता काही विधी करता येईल का? आणि आई घाबरून म्हणतेय की मला लगेच पाण्यात घाला, तर काय करावं?

आधी उत्तरं देतो. तुम्हाला शेवटच्या ओळीपर्यंत ताटकळत ठेवणं बरं नव्हे. पाण्याविना गेले म्हणून देवानं तुमच्या वडिलांना नाकारलं, असं बायबल सांगत नाही. त्यांच्या नावानं विधी करता येत नाही आणि करायची गरजही नाही. आईंनी बाप्तिस्मा जरूर घ्यावा, पण भीतीपोटी नको.

पहिलं उत्तर ही माझ्यासारख्या एका पाळकाची मवाळ समजूत नव्हे. ज्या मंडळ्या (म्हणजे चर्चचे पंथ) बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक आहे असं लेखी, छापील सांगतात, त्यांचंही तुमच्या वडिलांसारख्या माणसाबद्दल हेच म्हणणं आहे. ते कसं, हे दाखवतो.

तुम्हाला दाखवलेलं वचन मार्क 16:16 चं. ‘जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल, जो विश्वास धरत नाही तो शिक्षेस पात्र ठरेल.’ वचनाचा दुसरा भाग परत वाचा. तिथे ‘जो बाप्तिस्मा घेत नाही’ असं नाही. शिक्षा आहे ती अविश्वासाला. बाराव्या शतकात बर्नार्ड नावाच्या मठाधिपतीनं एका पत्रात नेमकं याच जागेवर बोट ठेवलं होतं: प्रभूनं दुसऱ्या वेळी बाप्तिस्म्याचा उल्लेख केला नाही, तो मुद्दाम. हा बर्नार्ड काही सुधारक किंवा बंडखोर नव्हता, कॅथलिक मंडळीचा संत आहे. तेव्हा तुमच्या नातेवाइकांनी वचन बरोबर काढलं, पण ते अर्ध्यावर थांबले. (चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांत मार्कचा हा शेवटचा भागच नाही, हेही खरं आहे. पण मी त्यावर विसंबत नाही. वचन अडचणीचं वाटलं की ते मुळात नव्हतंच म्हणायचं, ही सवय चांगली नाही.)

मात्र दुसऱ्या बाजूची वचनं लपवून तुम्हाला धीर द्यायचा नाही. योहान 3:5 मध्ये येशू निकदेमाला सांगतो की पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्याशिवाय कोणी देवाच्या राज्यात जाऊ शकत नाही. पन्नासाव्या दिवशीच्या सणाला पेत्र लोकांना म्हणतो, पश्चात्ताप करा आणि पापांच्या क्षमेसाठी प्रत्येकानं बाप्तिस्मा घ्या. तोच पेत्र आपल्या पहिल्या पत्रात नोहाच्या तारवाचा दाखला देऊन थेट लिहितो की बाप्तिस्मा आता तुम्हाला तारतो. आमच्यातले काही जण ही वचनं उपदेशात कधी घेतच नाहीत, आणि मग ‘बाप्तिस्मा म्हणजे नुसती खूण हो’ असं म्हणून मोकळे होतात. नवा करार इतकं हलकं बोलत नाही. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्यानं मध्यरात्री विश्वास धरला, पौल-सीलाच्या जखमा धुतल्या आणि त्याच घटकेला घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला. कूशी (इथिओपियातल्या) षंढानं रथातून जाताना वाटेत पाणी पाहिलं आणि विचारलं, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? ‘विश्वास तर धरलाय, पाण्याचं पुढे बघू’ म्हणणारा ख्रिस्ती माणूस त्या पानांत मला तरी सापडत नाही.

मग येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेला चोर? तो दाखला सगळेच देतात. ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे वचन मी स्वतः कितीतरी खाटांशेजारी वाचलं आहे आणि पुढेही वाचीन. पण वादात त्याचा उपयोग लोकांना वाटतो तितका होत नाही. समोरचा जाणकार असेल तर लगेच म्हणतो, तो चोर पुनरुत्थानाच्या आधी मेला. ‘सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या’ ही आज्ञा तेव्हा दिलेलीच नव्हती. मुद्दा रास्त आहे.

म्हणून मी कर्नेल्याकडे वळतो. प्रेषितांची कृत्ये, दहावा अध्याय. रोमी शताधिपतीचं घर, पेत्राचं बोलणं अजून संपलेलंही नाही, आणि ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरतो. त्या क्षणी त्या घरात एकाचाही बाप्तिस्मा झालेला नव्हता. देवानं पाण्याची वाट पाहिली नाही. आता पेत्र काय करतो ते बघा. ‘आत्मा मिळाला, आता पाणी कशाला’ असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, ज्यांना आपल्यासारखाच पवित्र आत्मा मिळाला, त्यांना पाण्याची मनाई कोण करील? आणि त्यांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा करतो. देव पाण्याआधी येऊ शकतो, आणि देव आला म्हणून माणसाचं पाणी चुकत नाही. माझं सगळं म्हणणं या एका प्रसंगात आहे. बाप्तिस्म्याची आज्ञा आपल्याला बांधते, देवाला नाही.

मंडळीच्या इतिहासात तुमच्या घरासारखा शोक एकदा थेट राजघराण्यात झाला होता. सन 392. रोमी सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन, वय जेमतेम विशीच्या पुढे, गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) व्हिएन इथे मेला. बाप्तिस्मा घ्यायचा म्हणून त्यानं मिलानचे बिशप अँब्रोज यांना बोलावणं पाठवलं होतं. अँब्रोज निघाले, पण पोहोचण्याआधीच सम्राट गेला. त्याच्या बहिणी रडत होत्या त्या नुसत्या भावासाठी नाही. त्याला संस्कार मिळाला नाही याचं दुःख त्यांना खात होतं. अँब्रोजनी अंत्यविधीच्या भाषणात त्या बहिणींनाच उद्देशून विचारलं की इच्छा धरणं आणि मागणं याखेरीज आपल्या हातात दुसरं असतं काय? त्यानं मागितलं होतं, म्हणून त्याला मिळालं. बाप्तिस्म्याआधी मारले गेलेले हुतात्मे आपल्या रक्तानं धुतले जातात असं मंडळी मानते, तर याला त्याच्या भक्तीनं आणि इच्छेनं धुतलं. हे अँब्रोज म्हणजे बाप्तिस्म्याला किरकोळ समजणारे गृहस्थ नव्हेत. त्यावर त्यांनी व्याख्यानं दिली, पुढे मंडळीचे मोठे शिक्षक ठरलेल्या ऑगस्टिनला बाप्तिस्मा त्यांनीच दिला. गंमत अशी की 374 साली लोकांनी त्यांना बिशप म्हणून निवडलं तेव्हा त्यांचा स्वतःचाच बाप्तिस्मा झालेला नव्हता; घाईघाईनं बाप्तिस्मा उरकून आठवड्याभरात त्यांना गादीवर बसवलं.

तिथून पुढे हा विचार पश्चिमेकडच्या मंडळीत टिकून राहिला. ट्रेंट इथल्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं 1547 साली नव्या जन्माच्या स्नानाबद्दल लिहिताना ‘ते स्नान किंवा त्याची इच्छा’ असे शब्द घातले. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात हीच गोष्ट जास्त स्पष्ट आहे: देवानं तारण बाप्तिस्म्याच्या संस्काराशी बांधलं आहे, पण देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. तयारीला बसलेला उमेदवार बाप्तिस्म्याआधी मेला तर त्याची उघड इच्छा आणि पश्चात्ताप यांमुळे त्याला तारणाची खात्री आहे, असं तिथे वेगळ्या परिच्छेदात लिहिलेलं आहे. लूथरच्या अनुयायांनी 1530 साली आउग्सबुर्गच्या कबुलीत, म्हणजे आपल्या विश्वासाच्या लेखी जाहीरनाम्यात, ‘बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक’ असं सरळ लिहिलं. तरी विश्वास असून पाणी मिळालं नाही म्हणून माणूस तारणाला मुकला, असं लूथरनीही शिकवलं नाही. प्रेस्बिटेरियन लोकांच्या 1646 च्या वेस्टमिन्स्टर कबुलीत दोन्ही टोकं एकाच वाक्यात आहेत: बाप्तिस्म्याची हेळसांड करणं हे मोठं पाप, पण कृपा त्याला अशी जोडलेली नाही की त्याशिवाय कोणी तरूच नये.

छापील कबुल्या तुम्हाला पुस्तकी वाटत असतील तर एक वेगळी कसोटी सांगतो. कुठलीही मंडळी खरं काय मानते हे ती कोणाला कसं पुरते यावरून कळतं. 1662 च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात दफनविधीच्या वर सूचना आहे की हा विधी बाप्तिस्मा न घेता मेलेल्यासाठी वापरायचा नाही. आपल्याकडच्या जुन्या मंडळ्यांत ही सूचना अंगात इतकी मुरली आहे की ख्रिस्ती दफनभूमीत जागा द्यायची म्हटलं की आजही आधी रजिस्टर मागतात. तुमच्या नातेवाइकांचं म्हणणंही मला वाटतं याच सवयीतून आलं असेल. पण कॅथलिक मंडळीचा सध्याचा कायदा पाहा. अंत्यविधीपुरता बाप्तिस्म्याचा उमेदवार हा विश्वासूंमध्येच धरायचा; आणि ज्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा आईवडिलांचा बेत होता पण ते आधीच गेलं, त्यालाही बिशपच्या परवानगीनं मंडळीचा अंत्यविधी मिळू शकतो. कायदा लिहिणाऱ्यांना ही माणसं बाहेरची वाटली असती, तर ही कलमं तिथे आली नसती. तुमच्या पाळकांनी वडिलांची अंत्योपासना घेतली असं तुम्ही लिहिता. त्यांनी उपकार केला नाही. बरोबर तेच केलं.

बाळांचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. ऑगस्टिन या बाबतीत फार कठोर होते. पुढे त्या कठोरपणाला उतारा म्हणून ‘लिंबो’ची कल्पना निघाली: दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. 2007 साली कॅथलिक मंडळीच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगानं पोपच्या संमतीनं निवेदन काढलं की बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. दवाखान्यात काचेच्या पेटीतल्या बाळाला मी बाप्तिस्मा दिलेला आहे. सिस्टर उकळून गार केलेलं पाणी वाटीत देते, हात कोपरापर्यंत धुवायला लावते, आणि नळ्यांच्या मधून बोटभर जागा सापडते तिथे पाणी सोडायचं. ते मी पुन्हा करीन. पण वाटेत गाडी अडकली आणि पोहोचायला उशीर झाला, तर त्या बाळाचं काय याची चिंता मला नसते. आईबापांसाठी पोहोचायचं असतं.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात या प्रश्नाला पुस्तकाबाहेरची बाजू आहे. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला. वाचता वाचता, डोंगरावरच्या प्रवचनापाशी, ते ख्रिस्ताचे झाले. बाप्तिस्मा मात्र 10 फेब्रुवारी 1895 ला, मुंबईत. मधला काळ घालमेलीचा होता: बायको, मूल, जात, सासर. त्या मधल्या काळात टिळक तापानं गेले असते, तर मराठीतल्या या भक्तकवीला देवानं दारातून परत पाठवलं असतं, असं म्हणायला तुमच्या नातेवाइकांची तरी जीभ रेटेल का? आणि पंडिता रमाबाईंचं नेमकं उलटं. त्यांचा बाप्तिस्मा 1883 सालीच इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, मुलगी मनोरमेसह. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला तो सुमारे आठ वर्षांनी. एकाकडे विश्वास आधी आणि पाणी नंतर, दुसरीकडे पाणी आधी आणि ओळख नंतर. देवाच्या घड्याळाला आपण किल्ली देत नाही.

टिळकांनी आयुष्याच्या शेवटी आणखी एक पाऊल टाकलं. 1917 साली मिशनचं काम सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात एकत्र यावेत ही कल्पना. 1919 साली ते गेले आणि दरबार फुलायचा राहिला. मला स्वतःला त्या कल्पनेचं धाडस आवडतं, पण बाप्तिस्म्याविना चालणारी मंडळी कायमची सोय म्हणून पटत नाही. नगरकडच्या वाचकांना इथे मुक्तिफौज (साल्वेशन आर्मी) आठवेल. ही फौज 1880 च्या दशकापासून बाप्तिस्मा देतच नाही, प्रभुभोजनही नाही. त्यांच्या नगरच्या ईव्हँजेलिन बूथ दवाखान्यात ज्यांनी आयुष्यं झिजवली ते सगळे तारणाबाहेर, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्यांच्याशी माझा मतभेद आहे, पण तो आज्ञापालनाबद्दलचा. ते ख्रिस्ताचे आहेत की नाहीत हा त्यात प्रश्नच नाही.

आणि ज्या गोष्टीवर उपदेशपीठावरून कोणी बोलत नाही ती म्हणजे कागद. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, आणि पुढच्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्ध, यांनाच आहे. ख्रिस्ती झालेल्याला नाही. बाप्तिस्म्याची मंडळीच्या रजिस्टरला नोंद होते, आणि ती नोंद पुढे पुरावा ठरू शकते. मुलांची शिष्यवृत्ती, नोकरीतली जागा, निवडणुकीतली राखीव जागा हे सगळं त्या एका सहीला टांगलेलं. त्यामुळे मनानं ख्रिस्ती आणि कागदावर नाही, अशी घरंच्या घरं आपल्याकडे आहेत. यावर शहरातल्या सुखवस्तू ख्रिश्चनांनी तावातावानं बोलणं मला पटत नाही. भीतीनं थांबणं आणि तुच्छ मानून नाकारणं या दोन गोष्टी देवापुढे एक नाहीत. अरिमथाईकर योसेफ यहूद्यांच्या भीतीमुळे गुप्तपणे शिष्य होता, असं योहानानं काही न लपवता लिहिलं आहे. उघडपणे शिष्य म्हणवणारे पळाले तेव्हा पिलाताकडे जाऊन प्रभूचं शरीर मागणारा हाच. तुमच्या वडिलांनी तर नकार दिलेलाच नव्हता. ते थांबले होते, आणि शेवटी निघालेही होते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. करिंथकरांस पहिल्या पत्रात 15:29 ला मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा ओझरता उल्लेख आहे. पौल तिथे पुनरुत्थानाचा मुद्दा मांडताना त्या लोकांचं उदाहरण देतो. तसं करा असं कुठेच सांगत नाही. मुख्य प्रवाहातल्या मंडळ्यांनी ती प्रथा मानलेली नाही. आज ती मॉर्मन या अमेरिकेत निघालेल्या पंथाच्या लोकांमध्ये आहे. कोणी पैसे घेऊन किंवा न घेता असा विधी करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. वडिलांसाठी मंडळीत उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवा, वर्षाच्या स्मरणदिनी त्यांच्या आवडीचा शास्त्रपाठ वाचायला सांगा. तेवढं पुरेसं आहे.

आता आई. त्यांची इच्छा मनापासूनची असेल याविषयी मला शंका नाही. पण ‘नाहीतर मीही नरकात जाईन’ या धास्तीनं कोणी पाण्यात उतरलं, तर पुढे प्रत्येक आजारपणात तीच धास्ती परत येते. मी बघितलेलं आहे. असे लोक मग दुसऱ्या मंडळीत जाऊन दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतात, कारण पहिला ‘नीट’ झाला होता की नाही याची खात्री वाटत नाही. कोणी शिंपडलेलं चालत नाही म्हणतो, कोणी नदीच हवी म्हणतो. या वादाचं उत्तर फार जुनं आहे: पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास लिहिलेल्या ‘दिदाखे’ या छोट्या पुस्तिकेत म्हटलं आहे की वाहतं पाणी असेल तर उत्तम, नसेल तर दुसरं, तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि फक्त मोठ्यांना बुडवून देणारे, दोघेही एका छपराखाली आले आणि दोन्ही पद्धती मान्य झाल्या. तेव्हा पाणी किती, याची काळजी आईंना करायला लावू नका.

त्यांना सध्या पाळकसाहेबांकडे बाप्तिस्म्याच्या वर्गाला बसवा. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय आणि तो कर्नेल्याचा दहावा अध्याय त्यांच्याबरोबर तुम्ही घरी वाचा. विश्वासाची कबुली त्यांनी आपल्या शब्दांत द्यावी. पाठ केलेली नको. तारीख ठरली की ती पुढे ढकलू नका, एवढं मात्र वडिलांच्या अनुभवावरून शिका. घरात कागदपत्रांचा प्रश्न असेल तर तो आधीच वकिलाशी बोलून घ्या आणि मुलांनाही कळू द्या. पाळकाला रजिस्टरची नोंद लपवायला सांगू नका, त्यानं उद्या दोघेही अडचणीत येतील.

मध्येच त्यांची तब्येत बिघडली तर वर्गाची अट सोडा. लगेच पाळकसाहेबांना फोन करा, ते रात्रीसुद्धा येतील. आणि ते पोहोचूच शकणार नसतील तर कॅथलिक, लूथरन आणि अँग्लिकन परंपरेत अशा निकडीच्या वेळी साध्या विश्वासूनं दिलेला बाप्तिस्माही ग्राह्य धरतात: त्यांचं नाव घ्या, डोक्यावर पाणी ओता, आणि ओतताना म्हणा, ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.’ शेजारी एखादा साक्षीदार असू द्या, वेळ लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मंडळीच्या कार्यालयात कळवा. तुमच्या मंडळीत याबाबत काय नियम आहे तेही पाळकसाहेबांना आजच विचारून ठेवा.